सुमनच्या बोरमाळेचे मणी

आमी पांचाळ सोनार, ताई. औश्याच्या पलीकडं आमचं गाव, तिथं सोनाराचं घर एकच. आबा, म्हंजे माझे वडील, कामाला बसले की सांगायचे, विश्वकर्म्याला पाच लेकरं, लोहार, सुतार, तांबट, पाथरवट आन् पाचवं ते आपुन, आपुन कुनापेक्षा कमी न्हाई. गळ्यात जानवं, बामनाचं असतंय तसंच. पर काय सांगू तुमाला, कुलकर्ण्याच्या घरी नथ पोचवायला गेले की आबाला वसरीवरच बसवायचे, जानव्याकडं बघून हसायचे, म्हनायचे, सोनारबुवा, दोरा घालून काय हुतंय. आबा घरी येऊन दिवसभर तणतणायचे. आन् हेच आबा रहीमचाचाला पायरीखाली बसवायचे.

रहीमचाचा औश्याचे झारेकरी. म्हंजे सोनाराच्या दुकानातली झाडलेली माती इकत न्यायची, पाण्यात घोळून तिच्यातली सोन्याची कणी काढायची, ह्यो त्यांचा धंदा. त्यांचा चहाचा कप आमच्या भायेरच्या कोनाड्यात, चाचांनीच विसळून ठिवायचा. मी एकदा म्हनलं, आबा, कुलकर्णी तुमाला करतेत तेच तुमी चाचाला करताव. लई मार खाल्ला त्या दिवशी. आजून बी वाटतंय, खरंच बोलले मी.

भूकंपाच्या साली शेजारच्या शेवंताकाकूनं, पाटलाच्या भावकीतली ती, आपल्या पाटल्या मोडून सुमनच्या लग्नासाठी बोरमाळ करायला टाकली. सुमन तिची एकुलती एक लेक, माझ्या बरोबरीची, माझी जिवाची मैत्रीण. मणी तयार झालते, ओवायचे तेवढे राहिलते, आन् भूकंप झाला. सुमन गेली. आमची आई गेली. दुकान म्हंजे नुसता दगडमातीचा ढीग.

पत्र्याच्या शेडात ऱ्हायला आलो तर तिथं कुजबुज. सोनाराला बरं निमित्त घावलं, मातीत गेलं म्हनायचं आन् गिळायचं. बायको गेलेल्या मानसाला असं बोलतेत का, तुमीच सांगा. शेवंताकाकू नुसती येऊन आबाच्या समोर बसायची, ते लई वाईट. मग एक दिवस म्हनली, सोनारमामा, माझी पोर तर गेली, तिचं तेवढं तरी मला बघू द्या. आन् इकडं मलबा उचलायची मशिनं शेजारच्या आळीपतोर आलती. एकदा मशीन फिरलं की माती कुठं आन् मणी कुठं, सोनार बेइमान ते बेइमानच ऱ्हानार.

त्यातच रहीमचाचा एस्टीनं आले, आमी जित्ते हाव का ते बघायला. आबानं खाली मान घालून त्यांना सगळं सांगितलं. चाचा म्हनले, सोनारदादा, तुमच्या दुकानाची माती मला वळखीची हाय, चला.

मी पाणी आनून देत हुते, चाचा परातीत माती घोळत हुते, आबा जानवं मातीत लोळू नये म्हनून कानावर चढवून त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. भवती सगळा गाव. कुनीतरी म्हनलं, बघा, दोघं मिळून वाटून घेतेत. चाचांनी बाह्या पार खांद्यापतोर सारल्या, म्हनले, भाईलोक, लांबून काय बोलता, म्होरं येऊन बसा, डोळ्यात तेल घालून बघा. मशिनीचा आवाज जवळ येत चाललेला. परातीमागं परात, कायबी घावंना. मला वाटलं, आबा आता ह्याच मातीत जीव देतेत. तवा एक मणी चमकला, चेपलेला. मग एकेक करत घावत गेले. समदे घावले असं न्हाई, पर बरेच घावले.

शेवंताकाकूनं पदरात घेतले. वजन करा म्हनली न्हाई. म्हनली, आता हे घालू कुनाच्या गळ्यात. तिथं जे रडं फुटलं ताई, बोलनारे लोक बी रडले. नंतर आबा आन् चाचा एकाच तांब्यानं पाणी प्याले.

पुढं माझं लग्न ठरलं तर काकू तेच मणी घेऊन आली, कमळच्या, म्हंजे माझ्या, गळ्यात घाला म्हनली. आमच्या जातीतल्या लोकांनी कालवा केला, परजातीचं सोनं, त्यात मेलेल्या पोरीचं, अपशकुन हाय. आबा म्हनले, माझ्यावर आळ आला तवा तुमच्यातलं कोन आलतं परातीजवळ. आन् स्वतः ओवून दिली ही माळ. चेपलेले मणी तसेच ठिवले, सरळ केले न्हाईत.

आबा गेले, चाचा बी गेले. मी आता लातूरला डाक्टरकीच्या क्लासच्या पोरींची मेस चालवते, चाकूरच्या, निलंग्याच्या, पार नांदेडच्या पोरी. कुनाची जात इचारत न्हाई. त्या म्हनतेत, मावशी, ही माळ शोरूममधी बदलून घ्या ना. सुमन ह्याच वयाची हुती. परीक्षा जवळ आली की पोरी जेवत न्हाईत, ताट तसंच सारतेत, मग मार्काच्या धाकानं जीव दिलेल्या पोरींचं ऐकलेलं आठवतंय. खोलीखोलीचं दार वाजवत फिरते. म्हनते, डाक्टर व्हा न्हाईतर नका होऊ, पर बायांनो, आईकडं तुमी जावा. नुसतं तुमचं सामान नगं जायला.