फोनवरचे डॉक्टर

मलकपेठच्या दवाखान्यात रेणू आपल्या नंबराची वाट बघत होती. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची सून हळू आवाजात बोलत होत्या.

“आई, आज ऑपरेशनची तारीख घेऊनच जाऊ.”

“ह्यांनी नको म्हटलंय.”

“बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आई.”

“काल फोनवर म्हणाले.”

“अहो, ते मशीन आहे. बाबा दवाखान्यात पेशंटशी जे बोलायचे, ते त्यांनी रेकॉर्ड करून एका कंपनीला दिलं. खेड्यातल्या लोकांना सल्ला मिळावा म्हणून. मशीन त्यांच्याच आवाजात बोलतं, एवढंच.”

“हौ, ठाऊक आहे. म्हणून तर पारखायला शेजारणीच्या फोनवरून लावला. नाव खोटं सांगितलं. छातीत दुखतं म्हटलं.”

“मग?”

“मग म्हणाले, कुसू, घाबरू नकोस.”

“रेकॉर्डिंगमध्ये कुठेतरी तुमचं नाव आलं असेल.”

“चार लोकांत त्यांनी कधी माझं नाव घेतलं? कुसू फक्त खोलीत म्हणायचे. दार लावल्यावर.”

रेणूच्या अंगावर काटा आला.

“आई... ऑपरेशन का नको म्हणाले?”

“इथं एकट्याला करमत नाही म्हणाले.”

बाकावरून कुणीतरी उठलं. चपला दाराकडे गेल्या, त्यांच्यामागे धावती पावलं. “आई, थांबा! आई!”

आतून नर्सनं डोकं बाहेर काढलं. “कुसुमताई कौन है? अंदर आव.”

रेणूनं मागं वळून पाहिलं.

“त्या गेल्या,” ती म्हणाली.