पायऱ्या नसलेली खोली

(बंगळूरच्या मल्लेश्वरममधलं रत्नाकरचं जुनं घर. शाल्मली वास्तुरचनाकार, यल्लाप्पा सुतार. दुरुस्तीसाठी खिडक्या उतरवल्या आहेत.)

यल्लाप्पा : अण्णा, खिडकीच्या फटीत हे सापडलं. पत्र हाय. टाकू काय?

रत्नाकर : नको, नको! द्या इकडे. नीलिमाचं आहे. माझी धाकटी बहीण, धारवाडला असते. मीच घडी करून खोचलं होतं. खिडकी वाऱ्याने वाजायची.

शाल्मली : बहिणीचं पत्र, काका? खिडकीत?

रत्नाकर : टेबलावर असलं की उत्तर मागायचं.

शाल्मली : कधीचं आहे?

रत्नाकर : सहा वर्षं झाली. यजमान गेल्यावर तिने विचारलं होतं, ‘दादा, तुझ्याकडे राहायला येऊ का? फक्त जिना चढवत नाही.’ इथे झोपायची खोली, न्हाणीघर, सगळं वर. खाली पुस्तकं. उत्तराचे चार मसुदे केले, पाठवलं काहीच नाही. एकात कारणंच कारणं, एकात एकही नाही.

शाल्मली : माझ्या नकाशावरच्या शुद्धलेखनाच्या नऊ चुका मात्र नकाशा दिला त्याच संध्याकाळी कळवल्यात!

रत्नाकर : ते सोपं असतं.

शाल्मली : म्हणजे मागची नवी खोली तिच्यासाठी? मला ‘पाहुण्यांसाठी’ सांगितलंत. चार महिन्यांत इथे एक पाहुणा पाहिला नाही मी.

रत्नाकर : रस्त्यावरून दिसणार नाही ना ती?

शाल्मली : नाही. हेरिटेजच्या यादीतलं घर, पुढून जसंच्या तसं राहणार. मागची खोली बुटकी, जुन्या भिंतीपासून वीतभर सुटी, मध्ये काच. विषय बदलू नका. उद्या दाराची चौकट बसतेय. त्या चालतात, की चाकाची खुर्ची लागते?

रत्नाकर : माहीत नाही. दिवाळीला तिचं कार्ड येतं. त्यात गुडघ्यांचं काही नसतं.

शाल्मली : फोन करून विचारा.

रत्नाकर : फोनवर मला बोलता येत नाही. आणि ती नको म्हणाली तर?

यल्लाप्पा : तर खोली रिकामी. न्हाई विचारलासा तरबी रिकामीच की, अण्णा.

शाल्मली : कागद देऊ?

रत्नाकर : द्या. ऐका हं. ‘नीलिमा, तुझ्यासाठी खोली बांधतो आहे. पायऱ्या नाहीत. दार किती रुंद हवं ते कळव. दादा.’ फार तुटक झालं का? माफीचं एखादं वाक्य...

शाल्मली : ते समोर बसून बोला. उत्तर येईपर्यंत चौकट मी थांबवते.

(तासाभराने.)

यल्लाप्पा : टाकलो बघा पेटीत. खिडकी बसवू आता? फटीत काय घालू?

रत्नाकर : काही नको. वाजू दे.