एक जूनच्या दोघी

माझं नाव संगीता अशोक गायकवाड, जन्म धायरीचा, तवा धायरी खेडं व्हतं, आता बिल्डिंगींनी गिळलं. जन्मतारीख विचाराल तर कागदावर एक जून, खरी कुणालाच ठावं न्हाई. आई म्हणायची, तुझ्या वेळंला हरभरा निघाला व्हता, म्हंजे उन्हाळ्याच्या तोंडाला कवातरी. शाळेत घालताना गुरुजी म्हणले, हरभऱ्याची तारीख रकान्यात बसत न्हाई, एक जून टाकतो, वयाचं गणित जुळतंय. आमच्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जून. काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं त्या तारखेनं माझं काय वाकडं केलं न्हाई, आणि मग एकदम केलं.

मी शनिवार पेठेतल्या एका शाळंत शिपाईबाई हाय, पोरं मावशी म्हणतात. मालक वारले, एकच लेक, प्रज्ञा. तिला नर्सिंगला ॲडमिशन मिळालं म्हणून बँकेत कर्जाला गेलो, तर साहेब कॉम्प्युटरात बघून म्हणले, बाई, तुमचा स्कोअर फार खाली आहे, जुनं कर्ज थकलंय, तुमच्या सहीवर मुलीला काही मिळणार नाही. मी म्हणलं, अहो, आयुष्यात एक फ्रीज हप्त्यावर घेतला, तो बी फेडून मोडला. म्हणले, इथं तसं दिसत नाही. फी भरायला दीड महिना व्हता, न्हाई भरली तर पोरीची जागा गेली. मला लख्ख आठवलं, सहा महिने वसुलीचे फोन यायचे, घाण घाण बोलायचे, आणि मी राँग नंबर म्हणून ठिवत व्हते.

त्याच आठवड्यात दोघं गल्लीत आले आणि सगळ्यांदेखत ओरडले, संगीता अशोक गायकवाड कोण? म्हणलं, मी. जन्मतारीख? एक जून. साल बी तेच निघालं. मग काढा पैसे. घ्या, माझ्याच तोंडानं मी चोर झाले. पण मी बी गप बसणारी न्हाई, म्हणलं, आरं, आधी ओळखपत्र दाव, कागद दाव, फुकटचा बोंबलू नकोस, वरात न्हाई निघाली माझी. त्यानं रागानं फोन माझ्या नाकापुढं धरला, तर मूळ कर्जावर पत्ता मांजरी गावाचा. मी जल्मात मांजरीला राहिले न्हाई.

तो पत्ता घेऊन परत बँकेत. साहेब म्हणले, नाव एक, तारीख एक, त्या बाईच्या कर्जावर कुणीतरी तुमचा पॅन नंबर चढवलाय. तक्रार करा, पण वेळ जाईल. तिनं स्वतः येऊन लिहून दिलं तर लवकर होईल. मी मनात म्हणलं, गळ्यात धोंड बांधून घ्यायला कोण येतंय?

रविवारी पदर खोचूनच मांजरीला गेले, तिच्या झिंज्या उपटायच्या ठरवून. उसाच्या रोपवाटिकेत मातीनं भरलेले हात घेऊन रोपं लावत बसलेली. म्हणलं, संगीता गायकवाड तूच का? म्हणली, व्हय, तुम्ही कोण? म्हणलं, मी बी तीच.

आधी हसली, मग मी सगळं सांगितल्यावर हातातलं रोप खाली ठिवून सांगाया लागली. नवऱ्याच्या ऑपरेशनला कर्ज काढलं, तो पुन्हा कामाचा राहिला न्हाई, हप्ते थकले. वसुलीवाले रोज यायचे आणि एकाएकी यायचे थांबले. तिला वाटलं, हापिसातल्या कुणा भल्या माणसानं माफ केलं. त्याचं नाव ठावं न्हाई, तरी दर पुनवेला ती बुद्धाच्या फोटोपुढं त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावायची. अहो, मी भांडायला गेलेली, खोचलेला पदर मीच सोडला. शिव्या मी खात व्हते, म्हंजे ती मेणबत्ती माझीच की वो!

मला काय मागायचा धीर झाला न्हाई. येते म्हणलं आणि उठले, तर मागनं तिनंच विचारलं, पोरीची फी कवा भरायची हाय?

दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून बँकेत आली. म्हणली, हे कर्ज माझं हाय, हिचं न्हाई, लिवून घ्या. साहेब म्हणले, बाई, ते लोक परत तुमच्या दारात येतील, समजतंय ना? ती म्हणली, माझ्याच दारात यायला पायजे व्हते. आणि सही केली. अजून अंगावर काटा येतो बघा. गप बसली असती तर कोण काय करणार व्हतं तिचं? एवढं मोठं माणूस मी तवर बघितलं नव्हतं.

महिन्याभरात माझं नाव साफ झालं, प्रज्ञा आता दुसऱ्या वर्षाला हाय. वसुलीवाले मांजरीला परत आले, पण उंबऱ्यावर मी बसलेली. ओळखपत्र दाव, संध्याकाळी सातनंतर फोन करायचा न्हाई, दिल्या पैशाची पावती पायजे. शाळेतल्या मॅडमनी अर्ज लिहून दिला, हप्ता बारका करून घेतला, आता ती फेडतीय. तिचा बी स्कोअर जरा जरा वर सरकतोय, प्रज्ञा फोनवर बघून सांगती.

एक जूनला मी मांजरीला जाते, पेढे नेते. आणि पुनवेला मेणबत्ती आता मी लावते, हात जोडून म्हणते, संगीता अशोक गायकवाडचं मंगल होवो. प्रज्ञा हसती, म्हणती, आई, स्वतःसाठीच मागतीस व्हय गं? मी म्हणते, न्हाई बाई, आधी मांजरीवालीचं. उरलं तर माझं.