मागच्या रांगेतली शेफाली

त्या दुपारी आम्ही दोघं सोफ्यावर बसून गाणं पाहून राह्यलो होतो, बस, एवढंच. पोरगी मिठू कामावर गेली की माझी बायको शेफाली मोबाइल काढे अन् तिचं जुनं बंगाली पिक्चर लावे. स्वस्तातलं पिक्चर, काय सांगू तुम्हाले, हिरोचं पोट शर्टात मावत नाही, व्हिलन तीनदा मरते, पण गाणं लागलं की हिचे पाय चादरीखाली हलत.

मी नागपूरचा, चौथी शिकलेला. कामासाठी गाडीत बसलो तो कलकत्त्याले उतरलो अन् स्टुडिओत लाइटमन झालो. शेफाली तिथंच नाचे, हिरोइनीच्या मागच्या रांगेत. लग्न केलं, मिठू झाली, मग शेफालीच्या भावानं बर्मिंगहॅमले बोलावलं, त्याच्या हॉटेलात मी जन्मभर कांदे कापले. इथं आल्यावर शेफाली म्हणे, पोरीले नाचाचं सांगायचं नाही. कोणी विचारलं तर शिलाई करत होती म्हणे. नाचणाऱ्या पोरींले लोक काय बोलत ते तिनं ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं. गप्प राह्यलो. मिठू चाळिशीले आली तरी तिले शिलाईच माहीत.

त्या दुपारी शेफाली म्हणे, ओगो, आज मिठूले सांगून टाकू का? रागात असली की अहो म्हणे, लाडात असली की ओगो. मी म्हटलं, काऊन? या वयात तमाशा पायजे का? निघून गेलं तोंडातून. ती म्हणे, अहो, तमाशा नव्हता तो, काम होतं माझं. मोबाइल उलटा ठेवला, चहा टाकायले उठली अन् किचनमध्येच पडली. अँब्युलन्स आली, दवाखान्यात नेलं, संध्याकाळी डॉक्टर सॉरी म्हणाले. मिठू रडली. मले रडूच येईना. डोक्यात एकच, ती सांगणार होती अन् मी तिचं तोंड बंद केलं. बसलो की उठावं वाटे, उठलो की कुठं जावं समजेना.

सकाळी, लोक यायच्या आत, मिठूले म्हटलं, बस इथं. बाबा, नॉट नाऊ, फोन करायचे आहेत. म्हटलं, फोन मरू दे, हे पाह. शेफालीच्या मोबाइलवर त्याच पिक्चरमधलं लग्नाचं गाणं लावलं. नवरीकडची ती हिरव्या साडीतली, तुझी आई. शिलाई नव्हती करत, नाचत होती, मीच लाइट मारला आहे तिच्यावर. अन् नवरदेवाकडची, पिवळ्या साडीतली, तीही तीच. मिठू म्हणे, दोन्हीकडे कशी? म्हटलं, पोरीच आठ होत्या, दुसऱ्या आठ आणायच्या कुठून? साडी बदलायची अन् पलीकडून नाचत यायचं. मिठू हसली. मग एकदम भडकली, तिच्या मोडक्या मराठीत, मला का नाही सांगितला? मी तिला किती विचारला असता, बाबा! म्हटलं, तिले कालच सांगायचं होतं. मी नको म्हटलं.

मिठूनं माझ्या हातातून मोबाइल घेतला, आतल्या खोलीत गेली, दार लावलं. गाणं वाजलं, संपलं, पुन्हा वाजलं. दार वाजवायची माझी हिंमत झाली नाही. लोक येणार होते, मी खुर्च्या मांडल्या.