इलोनाचं गाणं उघडू नकोस

नाही, कुशल, उद्याच्या कार्यक्रमात ते गाणं लागणार नाही — चहा घे, निवतोय — आणि मंडळात कोणी विचारलंच, तर अध्यक्ष विनीताकाकू नको म्हणाल्या असं सांग, मला संकोच नाही. स्लोव्हाकियातल्या त्या रोमा लोकांच्या वस्तीत तू राहिलास, इलोनाबाईच्या चुलीपाशी बसून जेवलास, तिचं गाणं ध्वनिमुद्रित करून इथे सिंगापुरात, आपल्या बिशानपर्यंत आणलंस — उत्तम केलंस. पण बाई हिवाळ्यात गेली. आणि त्या वस्तीची रीत काय, ती तूच मला सांगितलीस ना, याच खुर्चीत बसून? माणूस गेलं की त्याचं गाणं मिटतं. कोणी गायचं नाही, वाजवायचं नाही, लग्नातसुद्धा नाही. वर्ष सरलं की थोरली लेक थडग्यापाशी ते पहिल्यांदा गाते, मग ते सगळ्यांचं. त्या लेकीने तुला निरोप धाडला आहे — मी गाईपर्यंत थांब. मग विचारायचं काय उरलं?

काय म्हणालास? सिंगापुरात कोणाला कळणार? — बाळा, हा प्रश्न अभ्यासकाचा नव्हे, चोराचा आहे. देवाला कळतं असं म्हटलं तर तू हसशील. तुला कळतं, तेवढं पुरे. हॉल घेतला आहे, विद्यापीठातले पाहुणे येणार आहेत, सगळं मान्य. पण ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्या दुःखाला आपण मुदत घालून देऊ नये.

तिकडे काय पाहतोस? देव्हाऱ्याशेजारचा स्पीकर आहे तो. हो, ह्यांचाच आवाज असतो, सायंआरतीचा. ह्यांच्या आरतीला शेजारचे मिस्टर टान दार उघडून उभे राहायचे. हे गेले म्हणून देवाची आरती थांबवायची? ही उपासना आहे, ते गाणं आहे — एक नव्हे. लेकीला ते ऐकवत नाही, हे तुला कोणी सांगितलं? उल्काने? म्हणजे लेक तुझ्याशी बोलते आणि आईला सांगत नाही — नाही, सांगितलं होतं तिने. पहिल्याच महिन्यात. बाबांचा आवाज सुरू झाला की चपला घालून लिफ्टपाशी जाऊन उभी राहायची. म्हणाली, आई, मला थोडे दिवस दे, मग मी स्वतःच लावीन. मी म्हटलं, देवाच्या कामात थोडे दिवस नसतात. योग्य तेच म्हटलं. नातू म्हणाला, ‘आजी, स्विच ऑफ लाह, मम्मी इज क्राइंग’ — त्याला दटावलं, देव्हाऱ्यासमोर ही काय सिंगापुरी इंग्रजी. दिवाळीपासून आलेली नाहीत दोघं. तिची नोकरी असते, मुलाची शाळा असते, आणि त्यांचं सेम्बावांग काही जवळ नाही — म्हणजे, एमआरटीची गाडी बदलावी लागत नाही, थेट येते. पण थकतात माणसं.

तुझी गोष्ट वेगळी, माझी वेगळी. तुझा संबंध परक्या बाईशी. मी तर ह्यांची — आणि ती ह्यांची लेक, ठाऊक आहे मला, तू सांगायला नको. असा पाहू नकोस माझ्याकडे. बोलवलं होतं मी तिला. दोनदा बोलवलं. तिने एकच विचारलं, आई, सात वाजता ते लागणार आहे का. मी म्हटलं, लागणार.

सात झाले वाटतं. आपोआप लागतं ते. ऐक — आधी घसा खाकरत असत, तेही आलं आहे त्यात… कुशल, बंद कर ते. मला बंद करता येत नाही.

येतं, करता येतं मला. तू जा आता.