थांब, आलोच

दत्तोबा लोंढे. आधी हे नाव लिहून घ्या, मग माझं लिहा. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला पहिला माणूस मी, वडील वर्धेकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई लोकांच्या वावरात निंदायला जायची, आणि तिथून येऊन मी पुण्यात कॉम्प्युटरची पदवी घेतली ती लोंढे काकांमुळं. आमच्या शाळेतल्या सरांनी त्यांच्या नावानं एक चिठ्ठी दिली होती, तेवढीच ओळख. काका खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार, सरकारी क्वार्टरमध्ये एकटे राहायचे, काकू वारलेल्या, मुलगी बार्शीला दिलेली. चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, चपला बाहेर काढ, फरशी आत्ताच पुसलीय. झालं स्वागत. त्या फरशीवर मी तीन वर्षं झोपलो, अभ्यास केला, आणि कधी जाणार असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

त्या घरात आम्ही तिघं. तिसरा भोंग्या. काय सांगू तुम्हाला, साधं गावठी कुत्रं, तांबडं, एक कान मोडलेला. कारखान्याचा भोंगा झाला की तोही मान वर करून सूर लावायचा, म्हणून भोंग्या. काका कामावर निघताना पायरीशी उभे राहून त्याला म्हणायचे, थांब, आलोच. दोनच शब्द. मग तो जो बसायचा तो बसायचा, समोरून मांजर गेली तरी नाही, मी भाकरी दाखवली तरी नाही. संध्याकाळी काकांची सायकल वळायची, ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, आलो रे, की मग उठायचा, सगळं अंग हलवत. एकदा काका दोन दिवसांसाठी बार्शीला गेले होते तेव्हा मी गंमत म्हणून त्याला म्हटलं, थांब, आलोच, आणि मित्राकडं गेलो तो दुसऱ्या दिवशी उगवलो. माझ्या आधीच काका परतले होते. भोंग्या पायरीवरच होता, पाण्याला तोंड लावलेलं नव्हतं. काका ओरडले नाहीत. म्हणाले, हा शब्द गमतीचा नाही. बोललास तर यायचं. यायचं नसेल तर बोलायचं नाही.

पुढं काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं. मुलीकडं जाणार, पण तिच्या लेकीला दमा, घरात केसाळ जनावर चालणार नाही असं डॉक्टरनं सांगितलेलं. मला तेव्हा नुकतीच हिंजवडीला नोकरी लागली होती, रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याच्या आवारात पत्र्याची खोली घेतली होती. मी म्हटलं, काका, मी आहे तोवर भोंग्याची काळजी नाही. ते म्हणाले, तू किती दिवस आहेस ते सांग, कुत्रं बारा वर्षं असतं, हे चार वर्षांचं आहे. मी म्हटलं, शेवटपर्यंत. हे मी म्हटलंय, लिहून घ्या. जाताना काकांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, जातो. आलोच म्हणाले नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या आवारात दोन वर्षं चांगली गेली. हिंजवडीत भोंगा नाही, ड्यूटी कधी सुटणार ते साहेबालाही माहीत नसतं, पण मी कधीही आलो तरी तो दारात असायचा. ते दोन शब्द मी वापरत नव्हतो, नुसती कडी लावून जायचो. मग मालकानं जमीन विकली. खोल्या पाडणार म्हणून निरोप आला, आणि ऑफिसातल्या तिघांबरोबर मी वाकडला फ्लॅट घेतला. सोसायटीत जनावर चालणार नाही, करारातच लिहिलेलं. भोंग्यासाठी दुसरीकडं विचारलं असं मी लोकांना सांगतो, पण खरं सांगायचं तर दोन ठिकाणी विचारलं, तेही मनापासून नाही. आवारासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, खाईल चार घास, पर मी बांधून घालायची न्हाई, आन् जबाबदारी माझी न्हाई. मी म्हटलं, चालेल.

सामानाचा टेम्पो निघाला तसा तो मागं पळायला लागला. दोनदा उतरून त्याला मागं सोडून आलो, दोनदा तो पुन्हा चाकाशी. टेम्पोवाला म्हणाला, साहेब, चाकाखाली येईल हां, मग मला बोलायचं नाही. तेव्हा मी तिसऱ्यांदा उतरलो. जिथं खोलीची पायरी होती तिथं त्याला नेलं आणि म्हटलं, थांब, आलोच.

तो बसला.

काकांना ऐकू कमी येतं, फोनवर काही कळत नाही, म्हणून आमचं पत्रांवर चालतं. दर महिन्याला त्यांचं कार्ड, त्यात शेवटची ओळ ठरलेली, भोंग्या कसा आहे. मी लिहायचो, मजेत आहे. अकरा महिने मजेत आहे. एकदा तर लिहिलं, गॅलरीत ऊन खात बसलाय.

आणि खरी गोष्ट अशी की माझी कंपनीची बस रोज त्याच रस्त्यानं जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघितलं तर खोल्या पाडून झालेल्या, नुसती विटांची रास, आणि राशीच्या कडेला पायरीच्या जागी हा. बसकडं बघत. पहिल्या रविवारी गेलो, मांडीवर थाप मारली, आलो रे म्हटलं, तो असा उठला की मी खालीच बसलो. बिस्किटं घातली, अंगावरून हात फिरवला. पण निघताना पुन्हा तेच, कारण त्याशिवाय तो सोडेना. थांब, आलोच. असे तीन रविवार. तिसऱ्या वेळी उठला, पण शेपूट हललं नाही. मग कामाची घाई सुरू झाली, रविवारही ऑफिसात जायला लागले, आणि मला तिथं जाण्याची भीतीच वाटायला लागली.

बसमध्ये लोकांच्याही लक्षात आलं. एकजण म्हणाला, ते कुत्रं बघ यार, रोज सेम जागा. दुसरा म्हणाला, त्याच्या मॅनेजरनं थांबायला सांगितलं असेल, आपल्यासारखंच. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून मी बसमध्ये जाताना उजव्या आणि येताना डाव्या बाजूला बसायला लागलो. त्या बाजूनं तो दिसत नाही. पण जागा आली की कळतं, बस तिथं हळू होते.

गेल्या महिन्यात जाताना उजव्या बाजूला चुन्याची रेघ दिसली. मोठा नळ टाकायचाय, त्यासाठी खोल चर खणत येतायत, पुढं मशिन आणि मागं ट्रक. दुसऱ्या दिवशी डावीकडं बसलो. रेघ रस्ता ओलांडून त्या पायरीवरूनच गेली होती. तो रेघेवर बसला होता, पोट पांढरं झालेलं.

त्याच संध्याकाळी उतरून गेलो. थाप मारली. आलो रे. नाही उठला. माझ्याकडं बघितलं, ओळखलं, ते मला दिसलं, आणि पुन्हा रस्त्याकडं मान फिरवली. दोरी घातली तर हाताला चावला, ही बघा खूण, इंजेक्शनं घ्यावी लागली. मग दोघाजणांना मदतीला घेऊन त्याला पोत्यात घालून थेरगावला एका ओळखीच्या गोठ्यात नेऊन बांधला. तिसऱ्या दिवशी सकाळी दोरी तुटलेली, आणि हा रेघेवर, एक पंजा रक्ताळलेला. मावशी म्हणाल्या, तुम्ही येत न्हाई आन् त्यो हलत न्हाई, मधी माझा जीव टांगल्यागत झालाय. मुकादमाला भेटलो. तो चांगला माणूस आहे, चहा पाजला मला. म्हणाला, मशिनवाला वर बसलेला असतो, साहेब, त्याला खालचं काय दिसतंय. कुत्र्यासाठी काम थांबवा असं मी वर सांगू का. तुमचं असेल तर घेऊन जा.

तुमचं असेल तर.

काकांना खरं काय ते लिहून पत्र टाकलं, त्याला आज पाच दिवस झाले. उत्तर नाही, आणि चर मावशींच्या टपरीपाशी आलाय, टपरी काल हलवली. रजा टाकून मी दिवसभर तिथं त्याच्या शेजारी बसतो, मशिनवाल्याला दिसावं म्हणून लाल शर्ट घालून. तुम्ही विचारलंत काय लिहिलं, तर त्याची ही दुसरी प्रत. तुमच्या पेपरात जसंच्या तसं घाला.

ती. काकांना शिरसाष्टांग नमस्कार. पत्र शेवटपर्यंत वाचा. भोंग्या मजेत नाही. तो माझ्याकडंही नाही. अकरा महिने मी तुम्हाला खोटं लिहिलं. जुन्या खोलीची पायरी होती तिथं मी त्याला तुमचे दोन शब्द सांगून सोडून आलो, आणि तो अजून तिथंच बसला आहे. गॅलरी माझ्या फ्लॅटला आहे, त्यात तो कधी बसला नाही. तिथं आता चर खणणार आहेत, फार तर दहा दिवस. मी आलो म्हणतो पण तो उठत नाही. माझा शब्द त्याच्याजवळ संपला आहे. तुम्ही त्याला जाताना खरं सांगून गेला होतात, म्हणून तुमचा शब्द अजून असेल असं वाटतं. काका, हे पत्र मिळाल्याबरोबर निघा. स्टँडवरून सरळ हिंजवडीला या, माझ्या घरी नको, मी तिथंच रस्त्यावर असेन. मला जे बोलायचं असेल ते आधी त्याला उठवून मग बोला. तुमचा, विलास.