वरच्या स्टेशनची किल्ली

(स्की-लिफ्टचं खालचं स्टेशन. दुपार. वेतुरिया लिफ्टच्या बटणांशी, आंगेल तिच्याजवळ; वर अडकलेला कोस्ताके वॉकीटॉकीवरून बोलतोय.)

कोस्ताके : ऐकतेस ना, वेतुरिया? लिफ्ट चालू कर!

वेतुरिया : ऐकतेय, डायरेक्टरसाहेब. बोला.

कोस्ताके : बोला काय! दोनदा स्की घालून उतरायला गेलो. धुक्यात स्वतःचे बूट दिसेनात, आणि पुढे कडा. आता वरच्या केबिनच्या दाराशी उभा आहे. बोटं बधिर झालीत.

वेतुरिया : मग आत जा की.

कोस्ताके : कुलूप आहे! किल्ली कुठे ठेवता तुम्ही लोक?

वेतुरिया : माझा नवरा ठेवायचा तिथंच.

आंगेल : वहिनी, सांगून टाक. आम्ही बचाववाले वर पोचेपर्यंत तीन तास जातील. गोठेल तो.

वेतुरिया : सख्खा भाऊ होता तुझा इलारिए. गप्प बस.

कोस्ताके : वेतुरिया, तो अपघात होता. चार वर्षं झाली त्याला.

वेतुरिया : अहवालात काय लिहिलंत?

कोस्ताके : आत्ता हे काय मधेच...

वेतुरिया : काय लिहिलंत?

कोस्ताके : की... लिफ्टवरचा माणूस त्सुइका दारू ढोसून आला होता.

वेतुरिया : आणि खरं काय?

कोस्ताके : मला पाय जाणवत नाहीयेत गं!

वेतुरिया : त्यालाही जाणवत नव्हते. खांबावरून पडल्यावर दोन तास जिवंत होता.

कोस्ताके : ...त्यानं लिफ्ट बंद केली होती. वारा फार आहे म्हणाला. बुखारेस्टचे पाहुणे खोळंबले होते. मीच फोन करून चालू करायला लावली. खुर्ची तारेवरून निसटली, म्हणून तो खांबावर चढला.

वेतुरिया : प्यायला होता?

कोस्ताके : नाही.

वेतुरिया : मोठ्यानं. माझ्या पोरीला शाळेत दारुड्याची मुलगी म्हणतात.

कोस्ताके : इलारिए प्यायला नव्हता! खोटं लिहिलं मी, खोटं!

आंगेल : बास, वहिनी. वॉकीटॉकीवर सगळ्या टीमनं ऐकलंय.

वेतुरिया : दाराच्या डावीकडं, पन्हळीमागे खिळ्याला किल्ली आहे. हात घाला.

कोस्ताके : ...मिळाली. उघडलं! देवा रे... आता लिफ्ट चालू कर.

वेतुरिया : वारा ताशी सत्तर किलोमीटर आहे. पन्नासच्या वर चालवायची नाही.

कोस्ताके : अगं, मी डायरेक्टर आहे! मी देतो परवानगी!

वेतुरिया : त्या दिवशीही तुम्हीच दिली होती.

कोस्ताके : म्हणजे मी इथं... किती वेळ?

वेतुरिया : वारा पडेपर्यंत नाहीतर माणसं पोचेपर्यंत. शेगडीजवळ लाकडं आहेत. वाऱ्याचा आवाज ऐकत बसा. मी चार वर्षं ऐकतेय.

आंगेल : बंद कर तो वॉकीटॉकी. निघतो मी. ...बरं वाटलं का, वहिनी?

वेतुरिया : वाटेल वाटलं होतं.

आंगेल : येतो.

वेतुरिया : थांब, थर्मास घे. चहा गरम आहे. माझा आहे म्हणून सांगू नकोस त्याला.